सोड्याची बाटली, चहाचा कप आणि शाहू महाराज

गॅदरिंगच्या खाऊगल्लीत आमच्या मजल्यावरच्या पोरांनी मॉकटेलचा स्टॉल टाकायचं ठरवलं. माल साधाच होता. कोकमाचं आगळ, लिंबू, साखर, चिमूटभर काळं मीठ आणि वरून ओतायला गोटी सोडा. नाव मात्र भारी पाहिजे म्हणे! मासिकात लिहितो या एकाच गुन्ह्याखाली ते काम माझ्या गळ्यात पडलं. रूम पार्टनरने 'फ्रूट पंच' सुचवलं. पंच म्हणजे ठोसा, पिणाऱ्याला तो बसला पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी लायब्ररीत जाऊन डिक्शनरी उघडली आणि तिथेच अडकलो. सबमिशन होतं, ते राहिलंच.

मित्रांनो, पंच म्हणजे ठोसा नव्हेच. बहुतेक कोशकारांच्या मते हा शब्द आपल्याकडच्या 'पाच'वरून तिकडे गेलाय. 17 व्या शतकात सुरतेला आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले इंग्रज व्यापारी इथल्या दारूत साखर, लिंबू, पाणी आणि मसाला घालून प्यायचे. जिन्नस पाच, म्हणून नाव पंच. पुढे हे पेय जहाजातून विलायतेला गेलं आणि तिथे मोठमोठ्या वाडग्यांतून वाटलं जाऊ लागलं. कॉकटेल त्याच्या नंतरचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने 1806 मध्ये कॉकटेल म्हणजे काय ते छापून सांगितलं: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. 1862 मध्ये जेरी थॉमस नावाच्या बारवाल्याने या सगळ्या मिश्रणांचं पुस्तकच काढलं आणि 1876 च्या आवृत्तीत 'टॉम कॉलिन्स' आलं. जिन, लिंबू, साखर आणि सोडा. यातली जिन वजा करा, बाकी काय उरतं? आपला एस. टी. स्टँडवरचा लिंबू सोडा! म्हणजे आम्ही जे विकणार होतो ते इथूनच निघून, जगभर फिरून, फेस घेऊन परत आलं होतं.

फेसाची गोष्टही भारी आहे. 1767 मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली हा पाद्री दारूच्या भट्टीशेजारी राहायला आला. आंबणाऱ्या पिंपावर जड वायूचा थर साचतो हे त्याने पाहिलं आणि त्या थरात पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. पाण्याला चव आली. 1772 मध्ये त्याने त्याची कृती छापली, पण धंदा केला नाही. धंदा केला जिनिव्हाच्या श्वेप नावाच्या घड्याळजीने. राहिला प्रश्न बुचाचा, कारण आत दाब असला की बूच उडणारच. तो सोडवला हिराम कॉड या इंग्रज माणसाने 1872 मध्ये. बाटलीच्या गळ्यात रबराची रिंग आणि एक काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची, सरळ करताना आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो. जो दाब बूच उडवणार, त्यालाच बूच धरून ठेवायच्या कामाला लावलं. मेकॅनिकलवाल्यांनी निदान यासाठी तरी एक गोटी सोडा फोडून बघावा. व्हायव्हाला नाही विचारणार, पण तरी.

आता इथून मी राधानगरीला येतो, कारण मी तिथला.

आमच्या गावच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात तलाव भरला की ते आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही, मोटर चालवत नाही. पाण्याचा भारच दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की तो परत मिटतो. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि कोल्हापुरातल्या पेपरात बातमी येते. लहानपणी मला हे दरवाजे आणि सोड्याची बाटली एकाच जातीच्या वस्तू वाटायच्या. बाटली आतल्या दाबाने बंद राहते, दरवाजा आतल्या दाबाने उघडतो. पण या दोन वस्तूंचा एका माणसाशी संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. धरणाचा संबंध सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेत पाठ असतो. सोड्याचा पाठ नसतो.

तो माणूस म्हणजे छत्रपती शाहू महाराज.

त्यांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी या मुलाला दत्तक घेतलं आणि दहा वर्षांचाही पुरता नसलेला यशवंत शाहू छत्रपती झाला. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला फ्रेझर साहेबाच्या देखरेखीखाली. 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न. 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती आला तेव्हा वय पुरतं वीससुद्धा नव्हतं. म्हणजे आपल्याकडे सेकंड इयरला असतं तेवढं. अंगापिंडाने दांडगे, कुस्तीचं वेड, शिकारीचा नाद. हे सगळं तुम्हाला माहीत आहे म्हणून पटापट सांगून टाकतो.

न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की त्या काळात कोण काय पितो यापेक्षा कुणाच्या हातचं पितो याला जास्त महत्त्व होतं. महाराज धारवाडला शिकत होते तेव्हाच, 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. (इथेही पाच आहेतच, पण हे पाच हौद पाण्याचे.) व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी प्यायला, कुणी नुसता हातात घेतला, पण मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणून पुण्यात मोठं ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि भल्याभल्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एक कप चहा! आज आपण कँटीनमध्ये कटिंगचे तीन भाग करून पितो, तेव्हा हे वाचताना हसू येतं. पुढचं वाचलं की येत नाही. कारण हे चहा प्यायला म्हणून शिक्षा झालेल्यांचं झालं. ज्यांना पाणीच प्यायला मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी ग्रामण्य बसवायचीही गरज नव्हती.

खुद्द महाराजांना याचा चटका बसला तो पंचगंगेच्या घाटावर. 1899 च्या सुमाराची गोष्ट. कार्तिक महिन्यात महाराज पहाटे नदीवर स्नानाला जात. मंत्र म्हणणारा भट वेदोक्त न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणतो, आणि पुराणोक्ताला स्नान लागत नाही म्हणून स्वतः आंघोळही न करता येतो, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं. कारण काय, तर राजा झाला तरी धर्माच्या हिशेबात शूद्रच. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच नदीत असं ऐकावं लागलं. वेदोक्ताचं हे प्रकरण पुढे वर्षानुवर्षं गाजलं, इनामं जप्त झाली, वाद ब्रिटिश सरकारपर्यंत गेला. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मला एवढंच वाटतं की इथे दुसरा एखादा राजा आपल्यापुरता मान मिळवून गप्प बसला असता. आपण वर चढलो की शिडी वर ओढून घ्यायची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. महाराजांनी आपल्याखालच्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली.

हॉस्टेलवाल्यांनो, पुढचं जरा नीट वाचा, हे आपल्या खात्यातलं आहे. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहणार कुठे, जेवणार कुठे? 1896 मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून झालं, ते नीट चाललं नाही. पंक्ती वेगळ्या, पाणी वेगळं, आणि शेवटी बहुजनांची पोरं गळाली. मग महाराजांनी दुसरी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. मग मुस्लिम, लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहं काढून जात कशी जाणार, असा प्रश्न मला पडला होता. तुम्हालाही पडेल. माझं मत असं, की महाराजांसमोर दोनच पर्याय होते: सगळ्यांना एका पंक्तीत बसवायचा आग्रह धरून वर्ग रिकामे ठेवायचे, किंवा आहे त्या पंक्तीत जेवू घालून आधी पोरं शिकवायची. त्यांनी दुसरा घेतला. तो सोपा नव्हता आणि त्याचे तोटेही दिसले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला होता. परत आल्यावर त्याला शुद्धीसाठी आंघोळ कर म्हणून सांगितलं. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर! पुढे साताऱ्यात 1924 मध्ये त्यांनी सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली आणली. पुन्हा तेच बघा: नाकारली ती एक बादली पाणी.

1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्याच समारंभाला जयपूरचे महाराज माधोसिंग गेले होते ते चांदीचे जवळपास माणसाएवढे उंच घडे गंगाजलाने भरून, जहाजावर चढवून, म्हणजे परक्याच्या पाण्याला तोंड लावायला नको. त्यातले घडे आजही जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात. आपले महाराज इंग्लंडात असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. दोन राजे, एकच समारंभ. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

परत आल्यावर महाराजांनी पाण्याचं काम मनावर घेतलं, आणि इथे माझं गाव येतं. दुष्काळ त्यांनी राज्यावर आल्याआल्याच पाहिला होता, 1896–97 चा, आणि त्याच्या मागोमाग प्लेग. भोगावतीवर मोठं धरण बांधायची योजना 1907 मध्ये ठरली, 1909 मध्ये काम सुरू झालं. जवळच्या नव्या वसाहतीला मुलीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं नाव मिळालं: राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं: लक्ष्मी तलाव. फेजिवड्याजवळच्या त्या जंगलात, जिथे पाऊस पडायला लागला की महिनोन् महिने थांबत नाही, तिथे चुन्यात दगड बसवायला माणसं उभी केली. काम 1918 पर्यंत चाळीस फुटांपर्यंत आलं आणि पैसा संपला. संस्थान लहान, पहिलं महायुद्ध नुकतंच संपत आलेलं, महागाई. महाराजांच्या हयातीत धरण पुरं झालं नाही. ते झालं 1957 मध्ये. आज त्यात 8.36 टीएमसी पाणी मावतं. सिव्हिलच्या सरांनी एकदा आम्हाला सांगितलं होतं की अर्धवट बांधकामावर चाळीस वर्षांनी पुढचं बांधकाम चढवायचं म्हणजे आधीचं काम चोख असावं लागतं. मला तो महाराजांना मिळालेला सगळ्यात चांगला शेरा वाटला होता.

त्याच वर्षी, 1918 मध्ये, महाराजांचा धाकटा मुलगा शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेला. मागे कोवळ्या वयाची विधवा सून इंदुमती राहिली. विरोध पत्करून महाराजांनी तिला शिकवायचा बंदोबस्त केला. मुलगा गेला, धरण थांबलं, तब्येत ढासळत होती. आणि नेमकी हीच वर्षं त्यांच्या सगळ्यात धारदार कामाची आहेत. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. 1918 मध्ये महार वतन रद्द. 1919 मध्ये शाळा, दवाखाने, सरकारी इमारती, विहिरी, धर्मशाळा यांत अस्पृश्यता पाळायला बंदी.

हुकूम काढणं वेगळं आणि लोकांच्या घशाखाली उतरवणं वेगळं. आता गंगाराम कांबळे यांची गोष्ट.

गंगाराम महाराजांच्या पदरी नोकरीला होते. जातीने महार. एकदा महाराज कोल्हापुरात नसताना, मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परत आल्यावर गंगाराम आणि काही मंडळी सोनतळी कँपवर जाऊन त्यांना भेटली. पाठीवरचे वळ बघून महाराज भयंकर संतापले, मारणाऱ्यांना शिक्षा केली. इथपर्यंत कुठल्याही न्यायी राजाची गोष्ट. पुढचं वेगळं आहे. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणून धंद्याला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडला, चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'.

विचार करा. ज्या माणसाला पाण्याला हात लावला म्हणून मार बसला, त्याने भर रस्त्यावर लोकांना चहा विकायचं दुकान मांडलं. हॉटेल स्वच्छ, चहा फक्कड, पण मालक कोण आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक फिरकेना. बातमी महाराजांच्या कानावर गेली. मग त्यांची गाडी रस्त्यातून जाताना 'सत्यसुधारक'समोर थांबू लागली. महाराज गाडीतूनच चहा मागवत आणि चारचौघांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पीत. सोबतच्या सरदार-मानकऱ्यांपुढेही कप येत. छत्रपती प्यायले म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सही घ्यायला, नोकरीचा अर्ज घेऊन आलेल्यांनाही ते गंगारामांकडे चहाला नेत, असं सांगतात. आधी चहा, मग सही. मला यातला कोल्हापुरी खट्याळपणा लई आवडतो. हुकमाने जे झालं नसतं ते कपबशीने केलं. शिवाय चहाच्या जोडीला सोडावॉटरचं मशीनही महाराजांनी गंगारामांना घेऊन दिलं, अशी आठवण सांगितली जाते.

सोडाच का, हे माझ्या मी शोधत बसलो, आणि उत्तर मला माझ्याच घरात सापडलं. आमची आज्जी जत्रेत कुणाच्याही गाडीवरचा गोटी सोडा प्यायची. बाटली बंद, आत कुणाचा हात गेलेला नाही, मशीनने भरलेला, त्यामुळे चालतो, असा तिचा हिशेब. पाणी मात्र काही घरांचं चालत नसे. त्या काळात मुंबई-पुण्यात पारशी मंडळींचे सोड्याचे कारखाने जोरात चालत होते. पुण्यात अर्देशिरांचा 1884 पासून, मुंबईत ड्यूक्सचा 1889 पासून. लिंबू, रासबेरी, आलं असे नाना स्वाद त्यात आले आणि सनातनी घरांतूनही त्या बाटल्या फुटू लागल्या. म्हणजे विटाळाच्या भिंतीला मशीनने एक भोक पाडलंच होतं. पण बंद बाटली उघडणं आणि माणसाने स्वतःच्या हाताने पुढे केलेला कप उचलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाटली पिऊन आपण बदलत नाही, फक्त पळवाट सापडते. महाराज बाटलीवर थांबले नाहीत. त्यांनी कप उचलला.

घराचं सांगतोय तर पुरतं सांगतो. आमच्या परड्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना त्यातून चहा मिळायचा आणि प्यायल्यावर ते स्वतःच तो विसळून परत पालथा घालायचे. मला वाटायचं, त्यांना तोच कप आवडतो. शाळेत 26 जूनला मी दरवर्षी शाहू महाराजांवर भाषण करायचो, एकदा तर पहिला नंबर आला होता. बक्षिसाचा पेला घेऊन घरी आलो तेव्हाही तो कप तिथेच होता आणि मला काहीएक वाटलं नाही. घर नवीन बांधलं तेव्हा कोनाडा गेला. तो कप कुणी, कधी टाकला हे मी घरात विचारलं. कुणाला आठवत नाही म्हणे.

असो. महाराजांकडे येतो.

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' सुरू झालं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 21–22 मार्च 1920 ला कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर. महाराज स्वतः गेले, या तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय अशा अर्थाचं जाहीर बोलले आणि त्यांना आपल्याबरोबर जेवणाचं आमंत्रण दिलं. जेवणाचं आमंत्रण ही आपल्याला साधी गोष्ट वाटते. वर पुण्याच्या चहाचं सांगितलंय, ते आठवून मग या आमंत्रणाचं वजन करा. सात वर्षांनी, 20 मार्च 1927 ला, त्याच आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते बघायला महाराज नव्हते.

महाराजांना मधुमेह होता, हृदयही थकलं होतं. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अठ्ठेचाळीसही पुरं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा कारभार. धरण अर्धं, पन्हाळा-भुदरगड भागात करून बघितलेली चहा-कॉफीची लागवड फार पसरली नाही, काही हुकूम त्यांच्यानंतर कागदावरच राहिले. सगळं जमलं असं कुणी म्हणू नये, त्यांनीही म्हटलं नसतं.

कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचं एक स्मारक आहे. बिंदू चौकाकडून दसरा चौकात जाणाऱ्या लोकांना दसरा चौकातला मोठा पुतळा दिसतो, हे छोटं स्मारक सहसा दिसत नाही. पण आधीचं हे आहे. 1925 मध्ये, महाराज जाऊन तीन वर्षंही पुरती झाली नव्हती तेव्हा, पुढाकार घेऊन हे उभं केलं ते दरबारातल्या कुठल्या सरदाराने नव्हे, तर गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी. हॉटेलातल्या पैशांतून किती गेले याचा हिशेब कुठे मिळत नाही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना मी मुद्दाम तिथे थांबलो. राधानगरीची गाडी चुकली, पुढची तासाने होती. स्टँडवर येऊन लिंबू सोडा घेतला. गोटी आत पडली, फस्स करून फेस हातावर आला.

स्टॉलला मी 'सत्यसुधारक' हे नाव सुचवलं होतं. पोरं म्हणाली, नाव लांब आहे, फ्लेक्सवर बसणार नाही आणि ऐकणाऱ्याला ते भजनी मंडळ वाटेल. शेवटी 'कोकम पंच'वर मिटलं. फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरांत पाच जिन्नसांची नावं लिहायला मात्र मी लावली. रात्री साडेआठलाच सोडा संपला, तेव्हा मेसचे मामा सायकलवरून जाऊन आणखी दोन क्रेट घेऊन आले. भांडी विसळायची पाळी माझी होती. सगळे स्टीलचे पेले एकाच बादलीत घातले आणि बसलो विसळत.